विनोदी चित्रफीत दिग्दर्शक-संकलक
लेखन, चित्रीकरण, संकलन बहुधा एकहाती सांभाळणारा विनोदकार. खरी परीक्षा संकलनाच्या टेबलावर: सेकंदाला २५ चौकटी धरल्या, तर उत्तराआधीच्या शांततेतल्या दहा चौकटी उडवल्या की ०.४ सेकंद जातो आणि बऱ्याचदा हशाही. मराठीत या पेशाला प्रतिष्ठा दिली ती २०१६ साली सुरू झालेल्या ‘भाडिपा’ या यूट्यूब वाहिनीने. तिच्या संस्थापकांपैकी सारंग साठ्ये व पॉला मॅग्लिन यांनी यूट्यूबवरून पुढे ‘शांतीत क्रांती’ (२०२१) ही ओटीटी मालिका दिग्दर्शित केली. पदविका लागतेच असे नाही. झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनमध्येही मोबाइलवर उमेदवारी करता येते. पोट मात्र निव्वळ व्ह्यूजवर क्वचितच भरते. जाहिराती व प्रायोजक लागतातच.