पेट्रोल पंपाखालची टाकी

पंपाचा हातदांडा गेला, काटा गेला, आकडे झळकू लागले. पण मोठा बदल झाला तो जमिनीखालच्या टाकीत. २००० साली देशभर पेट्रोलमधील शिसे बंद झाले. २०२० साली गंधक दशलक्षात दहा भागांवर आले.

मग आले इथेनॉल. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला.  २००१ साली शेजारच्या मनमाडला मिश्रणाचा प्रयोग झाला. २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांवर पोचले.

पूर्वी टाकीत शिरलेले पाणी पेट्रोलखाली वेगळे साचे. आता ते जास्त झाले, की इथेनॉललाही ओढून तळाशी बसते. म्हणून टाकी कोरडी हवी. ऊस मात्र अवर्षणप्रवण अहिल्यानगरचेच पाणी पितो. लिटरमागे किती, हा हिशेब वर्गात मांडून पाहावा.