याक आणि बायसन

कंपायलर लिहिणाऱ्यांच्या गोठ्यात दोन जनावरं आहेत. पहिलं याक. 'येट अनदर कंपायलर-कंपायलर' या शब्दांची ही आद्याक्षरं. म्हणजे 'कंपायलर बनवणारा आणखी एक कंपायलर'. अशी अवजारं आधीही होती, ही कबुली नावातच आहे.

त्याचा जन्म अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला झाला. स्टीफन जॉन्सन यांना केन थॉम्पसन यांच्या बी भाषेच्या कंपायलरमध्ये 'एक्सक्लुझिव्ह ऑर' ही एकच क्रिया घालायची होती. सहकारी अल्फ्रेड आहो यांनी त्यांना डोनाल्ड क्नूथ यांच्या एलआर पार्सिंगच्या, म्हणजे मजकूर व्याकरणाप्रमाणे उलगडण्याच्या एका पद्धतीच्या, कामाकडे वळवलं. एक चिन्ह घालायला निघालेला माणूस अख्खं अवजार घडवून बसला.

याकला कोड द्यायचा नसतो, व्याकरण द्यायचं असतं. आधी टोकनांची नावं, मग दोन टक्केचिन्हांची ओळ, तिच्याखाली नियम: राशी म्हणजे राशी, अधिकचिन्ह आणि पद. त्यातून याक 'वाय डॉट टॅब डॉट सी' ही पार्सरची फाइल काढतो. तिच्यात आकड्यांचे तक्तेच तक्ते. वाचायला बसलात तर डोळे फिरतील. एका 'इफ'च्या पोटात दुसरा 'इफ' आणि शेवटी एकच 'एल्स' आला, तर तो कुणाचा? याक 'शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट' अशी कुरकुर करतो आणि 'एल्स' जवळच्या 'इफ'च्या पदरात टाकतो.

ऑक आणि ईक्यूएन या युनिक्सवरच्या छोट्या भाषा याकच्याच जोरावर उभ्या राहिल्या. गोठ्यातलं दुसरं जनावर नंतर आलं: १९८५मध्ये रॉबर्ट कॉर्बेट यांनी त्याच कामाचा बायसन लिहिला. याकचा भाऊबंद म्हणून हे नाव!

मग वारं उलटं फिरलं. सी प्लस प्लसचं व्याकरण एलआरच्या चौकटीत मावेना. जीसीसी या कंपायलरने २००४मध्ये त्या भाषेसाठी आणि २००६मध्ये सीसाठी हाताने लिहिलेला पार्सर घेतला. गो भाषेच्या कंपायलरनेही २०१६मध्ये याक सोडला. हाताने लिहिलेल्या पार्सरला कुठे काय चुकलं ते नेमकं सांगता येतं. याकचा पार्सर, आपण वेगळी मेहनत घेतली नाही तर, 'सिंटॅक्स एरर' एवढंच बोलून गप्प बसतो.

तेव्हा निवड अशी करावी: व्याकरण रोज बदलत असेल तर याक किंवा बायसन, आणि वापरणारे रोज चुकणार असतील तर आपला हात. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एसक्यूएलचं व्याकरण मात्र अजूनही बायसनच्याच खुंटीला बांधलेलं आहे.