तांबड्यापलीकडचा सूर्य

हर्ण्याला सूर्याचे छायाचित्र घ्यायचे तर आधी हवेशी झगडावे लागते. समुद्रावरच्या दमट धुरकटपणात कित्येकदा समोरचा सुवर्णदुर्गही पुसट होतो. म्हणून मी दुर्बिणीच्या तोंडावर सौरफिल्टर बसवून कॅमेऱ्यापुढे फक्त अवरक्त प्रकाश सोडणारी काच लावतो. लांब तरंगलांबीचा हा प्रकाश हवेत कमी विखुरतो, त्यामुळे बिंबाची कड पुष्कळच स्थिर मिळते. डाग मात्र जरा फिकट येतात. सौरफिल्टरशिवाय डोळा लावणे तर आंधळेपणाला आमंत्रण; हे किरण दिसत नाहीत, पण नेत्रपटल जाळतात.

या काचांचा इतिहास शोधताना मी हर्शेल घराण्यापाशी पोहोचलो. विल्यम हर्शेल सूर्य पाहण्यासाठी निरनिराळ्या रंगीत काचा लावून बघत होते. काहींतून उजेड थोडा येई, पण डोळ्याला ऊष्मा फार जाणवे. १८०० साली त्यांनी लोलकाने वर्णपट पाडून तापमापक तांबड्या रंगाच्याही पलीकडे ठेवला, तर पारा तिथेच जास्त चढला. अवरक्त किरणांचा शोध असा सौरफिल्टरच्या अडचणीतून लागला! पुत्र जॉन यांनी १८४० मध्ये या अदृश्य भागाचे चित्र काढले. काजळी लावलेला कागद मद्यार्कात भिजवून त्यावर वर्णपट पाडला; जिथे उष्णता, तिथे कागद आधी वाळला. वाळलेल्या भागात मध्येच खंड दिसले. ते मुख्यतः आपल्या हवेतल्या बाष्पामुळे पडतात, हे पुढे कळले. हर्ण्याच्या माणसाला त्या बाष्पाची ओळख करून द्यायला नको.

तिसऱ्या पिढीतले जॉन हर्शेल लष्करातले अभियंते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी ते वर्णपटदर्शक घेऊन पटवर्धनांच्या जमखंडीला आले. ढगांच्या फटीतून त्यांना सौरज्वाळेच्या तीन तेजस्वी रेषा दिसल्या: तांबडी, नारिंगी, निळी. नारिंगी रेषा त्यांनी सोडियमची ठरवली. ती हेलियमची होती. आजोबांना न दिसणारे सापडले आणि नातवाला दिसलेलेच ओळखता आले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या उपकरणाला तेवढा सूक्ष्म फरक दाखवता येत नव्हता.

हे मुद्दाम लिहितो आहे, कारण दुर्बीण पाहायला येणारे पाहुणे हटकून सांगतात, ‘हेलियम आपल्या विजयदुर्गावर सापडला, लॉकियरसाहेबाने.’ तिथले ‘साहेबाचे कट्टे’ पुरावा म्हणून पुढे केले जातात. १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर इंग्लंडातच होते. त्यांनी त्या रेषा २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिल्या. विजयदुर्गावर ते आले खरे, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर विल्यम रॅम्झी यांनी हेलियम पृथ्वीवरच्या खनिजातून मिळवून तीन वर्षे होत आली होती.

पाहुणे थोडे हिरमुसतात. मग मी त्यांना पडद्यावरचे अवरक्त बिंब दाखवतो आणि जमखंडीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतो.