इंग्लंडमधील गावांची नावे

इंग्लंडच्या नकाशावर नजर फिरवली की ‘टन’, ‘हॅम’, ‘बी’ अशी शेपटे असलेली गावे पुन्हा पुन्हा भेटतात. त्या मुलखात कोण कोण वस्तीला आले, ते या शेपटांवरून कळते.

पाचव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधली रोमन सत्ता संपली आणि पुढे समुद्रापलीकडून अँग्लो-सॅक्सन आले. ‘टन’ म्हणजे कुंपणाची वस्ती, ‘ली’ म्हणजे रानातली मोकळी जागा, ‘हॅम’ म्हणजे घर किंवा गाव. बर्मिंगहॅम हे बेओर्मा नावाच्या कुणाच्या तरी लोकांचे गाव. १०८६ च्या डूम्सडे नोंदीत त्याची किंमत अवघी २० शिलिंग लिहिली आहे!

मग आधीचे केल्टिक भाषा बोलणारे लोक गेले कुठे? मारले गेले किंवा पळाले, असे पूर्वी सरसकट शिकवीत. पण नद्यांकडे पाहा. ‘एव्हन’ याचा त्यांच्या भाषेतला अर्थ नुसता ‘नदी’. अशा एव्हन नद्या इंग्लंडात अनेक आहेत. नवख्याने बोट दाखवून विचारले असेल, “हे काय?” जुना म्हणाला असेल, “नदी.” ही माझी कल्पना, बरे का! पण उत्तर द्यायला जुना माणूस शेजारी नांदत तर हवा?

नांदत होता, पण कसा? ‘वॉल्टन’ नावाची बरीच गावे आहेत. त्यांतल्या काहींतला ‘वॉल’ म्हणजे ‘वेअल्ह’, परका. पुढे याच शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ आला. मूळचा रहिवासी आपल्याच भूमीत परका ठरला. ‘वेल्स’ हे नावही त्याच शब्दातले. मात्र शिक्षकबंधूंनी घाई करू नये. काही वॉल्टन ‘भिंत’ किंवा ‘रान’ या शब्दांवरून आलेली आहेत. सर्वांत जुने लिखित रूप पाहिल्यावाचून अर्थ लावणे म्हणजे अंधारात दगड मारणे. १९२३ साली स्थापन झालेली इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी हेच काम परगण्यापरगण्याने करीत आली आहे.

८६५ मध्ये डेन लोकांची फौज उतरली. लुटारू म्हणून त्यांची ख्याती, परंतु ८७६ साली त्यांच्यातल्या काहींनी उत्तरेत जमिनी वाटून घेऊन नांगर धरला. ‘बी’ म्हणजे त्यांचे गाव आणि ‘थॉर्प’ म्हणजे आपण जिला वाडी म्हणू ती. जुन्या नॉर्थवर्दीचे त्यांनी डर्बी केले.

१०६६ नंतरच्या नॉर्मन राज्यकर्त्यांची फ्रेंच नावे मोजकीच. ‘सुंदर जागा’ अशा अर्थाचे एक फ्रेंच नाव हॅम्पशरमधल्या एका गावाला आहे. लिहिताना ते आजही फ्रेंच वळणानेच लिहितात, गावकरी मात्र खुशाल ‘ब्यूली’ म्हणतात.