विद्येचे स्वामित्व आणि विद्यार्थ्यांच्या सभा

ग्रंथावरील ग्रंथकाराचा हक्क हा वकिलांच्या वादाचा विषय. गृहस्थाने त्याची चिंता का वाहावी, असे पुष्कळांस वाटते. विधिमहाविद्यालयांतील विद्यार्थी बौद्धिक संपदेच्या कायद्याच्या अभ्यासार्थ मंडळे काढतात, तेव्हा तीही एक परकी रीत म्हणून हसण्यावारी नेली जाते. परंतु इतिहास पाहता या दोहोंची मुळे आपल्याकडे जवळजवळ एकाच वेळी रुजली असे दिसते.

कंपनी सरकारने १८४७ साली कॉपीराइटचा विसावा कायदा केला, तो विद्येस उत्तेजन देण्याच्या हेतूने. ग्रंथकाराची हयात व पुढे ७ वर्षे, किंवा प्रसिद्धीपासून ४२ वर्षे, यांतील जी मुदत अधिक ती त्याने दिली. पुढच्याच वर्षी मुंबईस एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी अध्यापकांच्या साह्याने ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापिली. तिच्या मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष दादोबा पांडुरंग होते. १८४९ साली सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या. तेथे विद्यार्थी स्वतः विनावेतन शिकवीत. १८५० मध्ये ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघाले.

एकीकडे कायदा विद्येस कुंपण घालीत होता आणि दुसरीकडे विद्यार्थी ती वाटीत होते. तथापि यात विरोध नव्हता. लिहिणाऱ्याचे पोट भरल्यावाचून ग्रंथ निपजत नाहीत, हे खरे. आणि मुदत सरताच ग्रंथ सर्वांचा व्हावा, हेही त्याच कायद्याचे अंग. मात्र मरणोत्तर ७ वर्षांचे ते कुंपण वाढत गेले. १९५७ च्या कायद्यात १९९२ साली झालेल्या दुरुस्तीने ते ६० वर्षांचे झाले. ही वाढ कोणाच्या हिताची, हे विचारणारा कोणी हवा की नको?

शिवाय हा प्रश्न आता ग्रंथांपुरता उरलेला नाही. नसरापूरचेच उदाहरण घ्या. तेथून वेल्ह्याकडे जाताना वाटेत भातखाचरे लागतात. त्यांतील बियाण्यालाही आज स्वामित्वाचा कायदा लागू आहे. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्यास आपले बियाणे राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याशी बदलण्याचा व विकण्याचाही हक्क दिला. संरक्षित वाणाचे बियाणे छापाच्या नावाने मात्र त्यास विकता येत नाही. पण जो हक्क ज्याचा त्यासच ठाऊक नाही, तो कागदावरच राहावयाचा.

म्हणून आमच्या मते या विद्यार्थिमंडळांनी आपापसांतील वादस्पर्धांवर थांबू नये. १८४९ चे विद्यार्थी शाळेत जाऊन शिकवीत. आजच्यांनी नसरापूरच्या बाजारात बसून हा हक्क सोप्या मराठीत सांगावा. विद्येस उत्तेजन म्हणतात ते हेच.