बारवेच्या पायऱ्या आणि नारू

आमच्या आबांच्या डाव्या घोट्याजवळ रुपयाएवढा व्रण होता. कातडी चकचकीत आणि मध्ये आत ओढलेली. लहानपणी मी त्यावर बोट ठेवून विचारायचो, तर ते एवढंच म्हणायचे, "नारूचं भोक हाय ते." तो घोटा त्यांना पुरता वाकवता येत नसे. औत हाकताना ते पाय थोडा बाहेर टाकून चालायचे आणि लांबूनही ती चाल ओळखू यायची.

आज पंचविशीत असलेल्यांना नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं. गावगाड्यातल्या कारू-नारूंशी, म्हणजे बलुतेदार-अलुतेदारांशी, याचा काही संबंध नाही. हा पायातून निघणारा जंत. दोऱ्यासारखा बारीक, पांढरा, दीड-दोन हात लांब. भावप्रकाशात त्याला 'स्नायुक' म्हटलं आहे, गुजरातीत 'वाळो'. आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात उन्हाळा लागला की दर चार-पाच घरांत एकजण तरी बाजेवर पाय पसरून पडलेला असायचा. "काय झालं?" "नारू निघालाय." यापुढे कोणी काही विचारत नसे. ताप, खरूज, डोळे येणं, तसाच नारू.

आबांचा नारू मी डोळ्यांनी पाहिला. १९६७चा उन्हाळा, मी दहा वर्षांचा होतो. रोहिण्या निघायच्या होत्या आणि वखराच्या पाळ्या चालू होत्या. आबांना दोन दिवस अंगाला खाज आली, मळमळलं, मग घोट्याला सूज आली आणि तिच्यावर फोड उठला. त्या फोडाची आग इतकी की धिप्पाड माणूस रात्रभर कण्हत होता. सकाळी ते लंगडत बारवेवर गेले आणि खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडला. त्यांचा चेहरा निवला. मी शेजारीच होतो. पाण्यात दुधासारखं काहीतरी पांढरट पसरलं आणि विरून गेलं. दोन पायऱ्या सोडून आमची आई घागर बुडवत होती.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या थोरल्या बहिणीला नारू झाला.

तेव्हा या दोन गोष्टींची सांगड घरात कोणी घातली नाही. नारू हा कुणाच्या पायगुणाचा, कुणाच्या कोपाचा, नाहीतर रक्त बिघडल्याचा, असंच सगळे धरून चालायचे. आजीचा आंबा-चिंचेच्या आंबटपणावर राग होता.

उपाय मात्र ठरलेले होते. हिंग गुळात घालून गिळायचा. रुईचं पान तापवून बांधायचं, कांद्याचं पोटीस लावायचं. फोड फुटला की जंताचं टोक दिसायचं. मग ते कुडाच्या काडीला, पुढे काड्यापेटीच्या काडीला, गुंडाळायचं. रोज ओल्या फडक्यानं जागा शेकायची आणि हलक्या हातानं एक-दोन वेढे द्यायचे. जंत आखडला की थांबायचं. काडी चिंधीनं पायाला बांधायची आणि उद्याची वाट पाहायची. असे दोन-तीन आठवडे, कधी महिना-दीड महिना. आमच्या गावात एक म्हातारी हे काम करायची. तिची बोटं इतकी सावकाश चालत की बघणाऱ्याला झोप यावी, पण तिच्या हातून नारू तुटला असं कधी ऐकलं नाही. पुढं आरोग्य सेवकाच्या नोकरीत आल्यावर मला कळलं की जगातल्या कुठल्याही मोठ्या दवाखान्यात याहून वेगळा इलाज नव्हता. त्या म्हातारीला मी मनापासून मानतो.

आबांच्या वेळी ती लेकीकडे गेली होती. शेजारच्या गावचा एकजण आला, तोही जाणता म्हणवला जायचा. त्यानं घाई केली आणि आठव्या दिवशी नारू तुटला. तुटलेला जंत आतच आखडतो आणि त्याच्या पोटातला सगळा ऐवज मांसात सांडतो. आबांचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला, पू झाला, ताप चढला. ते तीन महिने बाजेवर होते. मृगाचा पाऊस वेळेवर पडला, पण आमच्या रानात तिफण फिरली ती चुलत्यांनी त्यांचं पेरून झाल्यावर, आणि निम्मं रान पडीक राहिलं. त्या वर्षी घेतलेलं कर्ज फिटायला चार सालं लागली. नारूनं माणूस सहसा मरत नाही, म्हणून त्याची दहशत पटकीसारखी नव्हती. पण शेतकऱ्याला तो नेमका पेरणीच्या तोंडावर धरायचा.

हे असं का होतं, याचा उलगडा फार आधी झाला होता, याचं मला अजून वाईट वाटतं. १८७०च्या सुमारास मध्य आशियातल्या तुर्कस्तानात, समरकंदच्या बाजूला, फेदचेंको या रशियन शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की नारूची पिल्लं पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात शिरतात. सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा असतो. भांडं उन्हात धरलं तर पांढरा ठिपका उड्या मारताना दिसतो. त्याच्या पोटात पिल्लू दोन आठवड्यांत तयार होतं. ते पाणी माणूस पितो, किडा पोटात मरतो, पिल्लू सुटतं, आतड्यातून बाहेर पडतं आणि वाढत राहतं. साधारण वर्षानं मादी पायाशी येते, फोड करते, आणि पाय पाण्यात गेला की लाखो पिल्लं सोडते. म्हणजे १९६७च्या मेमध्ये आबांनी बारवेत पाय सोडला आणि १९६८च्या मेमध्ये माझी बहीण पडली. हिशेब इतका सरळ होता. माणूस चंद्रावर जायला निघाला होता, आणि शंभर वर्षांचं हे ज्ञान आमच्या बारवेच्या काठापर्यंत पोहोचलं नव्हतं.

मी आरोग्य सेवक म्हणून लागलो ते १९८४ साली, आणि राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. त्या वर्षी देशात सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले. सात राज्यांतल्या ८९ जिल्ह्यांत मिळून १२,८४० गावं बाधित होती. महाराष्ट्र त्या सातांत होता. आमचं काम म्हणजे पायात नारू असलेल्या माणसाचं चित्र घेऊन घरोघर हिंडायचं, रुग्ण शोधायचा, मलमपट्टी करायची, आणि जखम बरी होईपर्यंत पाय पाण्यात घालू नको म्हणून विनवायचं.

या फिरतीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या गावात पिण्याचं पाणी आडातून, दोर-पोहऱ्यानं शेंदून काढत, तिथं नारू जवळजवळ नसायचा. जिथं बारव किंवा पायऱ्यांची विहीर, तिथं हमखास असायचा. आडात कोणाचा पाय पाण्याला लागत नाही. बारवेत उतरल्याशिवाय घागर भरतच नाही. देखण्या दगडी पायऱ्या, देवकोष्ठं, गार सावली, हे सगळं मलाही आवडतं, पण आमच्या भागात त्याच पायऱ्यांनी नारू पोसला.

गावकुसाबाहेरच्या वस्तीला तर बारवेत उतरायची मुभाच नव्हती. त्यांचं पाणी ओढ्यात खणलेल्या झिऱ्याचं, तेही आत पाय घालूनच भरायचं. पहिल्या शोधफेरीत मी त्या वस्तीवर सगळ्यात शेवटी गेलो. ते चुकलंच, कारण सगळ्यात जास्त रुग्ण तिथं निघाले.

विहिरींत ठराविक मापानं टेमेफॉस टाकायचं, त्यानं सायक्लॉप्स मरत. लोक म्हणायचे, सरकार पाण्यात विष कालवतंय. मग मी त्यांच्यासमोर तेच पाणी ओंजळीनं प्यायचो. हापसेही आले. मराठी माणसानं आवर्जून लक्षात ठेवावं असं यात काही आहे. देशभर आणि परदेशात गेलेला इंडिया मार्क टू हा हातपंप सोलापूर पंपाच्या नमुन्यावरून घडला, आणि त्याआधी जालन्यातही असाच पंप बनत होता. ७२च्या दुष्काळात पाण्यासाठी तळमळलेल्या मुलखातून निघालेली ही वस्तू. पण हापशाचं पाणी बऱ्याच ठिकाणी मचूळ. त्यात डाळ शिजत नाही म्हणून बायका पुन्हा बारवेकडे वळायच्या. त्यांना दोष कसा द्यायचा?

म्हणून मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते गाळण्याचं. घागरीच्या तोंडाला दाट विणीचं किंवा दुपदरी फडकं बांधून पाणी गाळलं की सायक्लॉप्स वरच राहतो. जैनांच्या घरात ही रीत धर्मातच आहे; आमच्याकडे ती लावावी लागली. त्यात एक अडचण होती. आज एक बाजू वर, उद्या दुसरी, असं झालं तर कालचे अडकलेले किडे धुऊन घागरीतच जातात. हे मी फळ्यावर चित्र काढून समजावलं, पण कुणाला नीट उमगलं नाही. माझ्या चुलतीनं ऐकून घेतलं आणि काही न बोलता फडक्याच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घातले. "लाल वर," एवढंच ती शेजारणींना सांगायची. दोन महिन्यांत आमच्या आळीतल्या प्रत्येक घागरीवर लाल टाका दिसू लागला. पुढं मी माझ्या सगळ्या गावांत तेच सांगितलं.

आणि मग बारवांच्या पायऱ्यांवर आडव्या भिंती आल्या. कुठं पायऱ्या बुजवल्या, कुठं कठडा बांधून वर रहाट बसवला. आमच्या बारवेवर पाचव्या पायरीशी सिमेंटची भिंत उभी राहिली. काही जुन्या माणसांना ते रुचलं नाही. आबा मात्र गवंड्याशेजारी दिवसभर बसून होते.

आबा १९९१ साली गेले. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला, आणि फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख लोकांना हा रोग होता असा अंदाज आहे; २०२३ साली माणसांत १४ रुग्ण नोंदले गेले, त्यातले बहुतेक चाड देशात. नारूवर आजही लस नाही, त्याला मारणारं औषधही नाही.

हल्ली तरुण पोरं बारवा साफ करतात, महाशिवरात्रीला तिथं दिवे लावतात. मीही दोनदा त्यांच्याबरोबर गाळ उपसायला गेलो आणि त्यांचा मला अभिमान आहे. त्यांना माझं एकच सांगणं आहे. साफसफाई करताना पायऱ्यांच्या मध्येच सिमेंटची एखादी ओबडधोबड भिंत लागेल. ती दगडी कामाला शोभत नाही, काढून टाकावीशी वाटेल. काढायची तर काढा, पण आधी तिचा फोटो घ्या, आणि ती कुणी, कोणत्या साली, कशासाठी बांधली ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून ठेवा.