मिरीचा दाणा आणि लाकडी चक्की

मिरी दळायची एक लहानशी लाकडी चक्की बाजारात स्वस्तात मिळते. उंची वीतभर, आकार बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा. घरात खलबत्ता असताना हे नवे खूळ कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण उत्तरासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

मिरी मूळची मलबारची. वेलीवरचे हिरवे घोस तोडून उन्हात वाळवले की दाण्याची साल काळी पडते, सुरकुतते. तिखटपणा आणि सुवास त्या सालीआड कोंडून राहतो. दाणा अखंड आहे तोवर माल टिकतो. समुद्रावर महिनोन्‌महिने काढले तरी टिकतो. जगाच्या व्यापारात मिरीने जे राज्य केले, त्याचे एक मर्म इथे आहे.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात मलबारच्या मुझिरिस बंदरातून मिरी रोमन साम्राज्यात जात असे. इजिप्तमधील बेरेनिके येथे 1990 च्या दशकातील उत्खननात त्या काळचा एक भारतीय रांजण सापडला. त्यात सुमारे साडेसात किलो मिरी होती. पूड नव्हे, दाणे! रोमचा ग्रंथकार प्लिनी कुरकुरतो, की ही वस्तू तिच्या देशात रानात उगवते आणि आम्ही ती सोन्याचांदीसारखी तोलून घेतो. इ.स. 408 मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोन्यारुप्याबरोबर 3000 पौंड मिरी घेतली. 1498 साली वास्को द गामा कालिकतजवळ उतरला, तोही याच मालाच्या ओढीने. आणि गंमत बघा, पोर्तुगीजांबरोबर आलेली अमेरिकेतली मिरची आपल्या स्वयंपाकात मिरीच्या जागी बसली. नावही तिने मिरीवरूनच घेतले!

दाणा अखंड आणायचा, तर तो घरी फोडणे आलेच. युरोपातही हे काम खलबत्त्यानेच होई. पूर्व फ्रान्समधील प्यूजो कुटुंबाने 1810 साली धान्याच्या गिरणीच्या जागी पोलादाचा कारखाना काढला. तिथे करवतीची पाती होत. याच घराण्याने 1840 साली कॉफीची चक्की केली आणि 1874 साली मिरीची. त्यांच्या मोटारी पुढच्या काळातल्या.

चक्कीची करणी आपल्या जात्याच्याच जातीची. जात्यात मूठमूठ वैरावे लागते. इथे दाणे आपणच खाली उतरतात. वरचे दाते दाणा ओढून फोडतात, खालचे दळतात. माथ्यावरची मळसूत्री गुंडी सैल केली की भरड पडते, आवळली की बारीक. मात्र ही चक्की धुऊ नये आणि उकळत्या पातेल्यावर धरू नये. वाफेने पूड दात्यांत चिकटते, लोखंड गंजते, लाकूड फुगते.

आता मूळ प्रश्न. खलबत्ता असेल तर चक्कीवाचून काही अडत नाही. चक्कीचा फायदा एवढाच, की चिमूटभर हवी तर चिमूटभरच दळता येते. खरी गोष्ट आहे ती दाणा घेण्याची. तयार पुडीचा सुवास उडत राहतो आणि तिच्यात काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. दाण्यांतही पपईच्या बिया मिसळतात म्हणा. पण त्या निवडून काढता येतात.

शिक्षकांनी वर्गात एका उघड्या वाटीत दाणे आणि दुसरीत पूड महिनाभर ठेवावी. मग मुलांसमोर दाणे कुटून दोन्हींचा वास त्यांना घ्यायला सांगावा. अलारिकने पूड का मागितली नसेल, हे मुलेच सांगतील.